वसईच्या गावभागात राहायला येताना

मुंबईत भाडं परवडेनासं झालं की माणूस पश्चिम रेल्वेच्या नकाशावर बोट वर वर सरकवत जातो. बोरिवली, दहिसर, मीरा रोड, भाईंदर, मग खाडी, आणि खाडीपलीकडे नायगाव, वसई. खाडी ओलांडली की भाडं उतरतं हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण ज्या शांततेसाठी लोक वसईचं नाव घेतात, ती वसई रोड स्टेशनच्या आसपास नाही, हे बऱ्याच जणांना सामान उतरवल्यावर कळतं. ती पाच-सहा किलोमीटर आत आहे, वाड्यांमधून किल्ल्याकडे आणि समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यांवर. तिथे राहायचं तर प्रवास, पाणी आणि कागद या तिन्हींचा हिशेब आधी करावा लागतो. ऑफिसातून आणि नातेवाइकांकडून तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

१. आधी कुठली वसई ते ठरवा

जाहिरातीत नुसतं ‘वसई’ लिहिलेलं असेल तर फोनवर पहिला प्रश्न पिनकोडचा विचारा. ४०१२०१ म्हणजे वसई गाव, ४०१२०२ म्हणजे स्टेशनजवळची पश्चिम बाजू, ४०१२०८ म्हणजे पूर्व. ४०१२०७ ऐकू आलं तर ते नायगाव असू शकतं, विचारून घ्या. नायगाव वाईट नाही, पण ते वसई नाही.

पूर्वेला एव्हरशाइन सिटी, वसंत नगरी अशा मोठ्या वसाहती आहेत आणि पुढे वालीव, सातिवलीच्या औद्योगिक वसाहती. तिथे काम असेल किंवा हायवेने रोजचं जाणं-येणं असेल तर पूर्व सोयीची. पश्चिमेला स्टेशनबाहेर आनंद नगर, अंबाडी रोड, माणिकपूर, दीनदयाळ नगर, साई नगर. दुकानं, क्लासेस, डॉक्टर सगळं पायाखाली, आणि गोंगाटही तेवढाच.

त्याच्या पुढे पापडी, तामतलाव, पारनाका, होळी, झेंडा बाजार, म्हणजे जुनं वसई गाव. तहसील कचेरी इथेच, बाजार इथेच, आणि रस्ता सरळ किल्ल्यात जातो. उत्तरेकडे सांडोर, रमेदी, गिरीज, भुईगाव, वाघोली, निर्मळ अशी वाड्यांची गावं. हा हिरवा पट्टा. इथे बिल्डिंगी कमी, बैठी घरं जास्त, आणि भाड्याची घरं जाहिरातीपेक्षा ओळखीने मिळतात.

इथला एक नेहमीचा सापळा: वाघोली, निर्मळ, गास हे ‘वसई पश्चिम’ म्हणून दाखवतात. तालुका वसईच आहे, त्यामुळे खोटं कोणी बोलत नाही. पण तिथून जवळचं स्टेशन नालासोपारा. रोज लोकल पकडणाऱ्याने हे आधीच विचारून घ्यावं.

२. घर बघण्याआधी लोकल बघा

दलाल घर दाखवायला रविवारी दुपारी बोलावतो. रविवारी दुपारची वसई सगळ्यांनाच आवडते. तुम्ही कामाच्या दिवशी सकाळी या आणि ज्या घराचा विचार करताय तिथून स्टेशनपर्यंत आणि पुढे ऑफिसपर्यंत एकदा जाऊन बघा. वसई गावातून शेअर रिक्षा मिळतात, महापालिकेच्या बसही आहेत. पण सकाळी रिक्षाच्या रांगेत आणि अंबाडी रोडच्या वाहतुकीत किती वेळ जातो हे स्वतः अनुभवल्याशिवाय घराला हो म्हणू नका. रात्री उशिरा परतायचं असेल तर शेवटची बस आणि शेअर रिक्षा कधीपर्यंत मिळते, हेही स्टँडवरच विचारा. त्यानंतर स्पेशल रिक्षा करावी लागते आणि महिन्याला त्याचीही एक रक्कम होते.

लोकलचं म्हणाल तर विरारहून येणारी गाडी वसईला पोहोचेपर्यंत भरलेली असते. बसायला हवं असेल तर वसईहूनच सुटणाऱ्या मोजक्या लोकल आहेत, त्यांच्या वेळा पाठ करा आणि ऑफिसची वेळ त्यात बसते का ते बघा. काही जण विरारपर्यंत उलटं जाऊन रिटर्न येतात. त्याला पास विरारपासूनचा लागतो, वसईच्या पासावर ते चालत नाही.

संध्याकाळी उतरण्याचंही शास्त्र आहे. विरार फास्टमध्ये भाईंदर गेलं की दाराकडे सरकायला सुरुवात करा, ‘वसई?’ असं पुढच्याला विचारत राहा, हो म्हणाला तर त्याच्या मागे उभे राहा. बायकांच्या डब्यात दादरपासूनच सीट विचारून ठेवतात. वसईची बाई म्हणजे विरारवाल्यांपेक्षा दोन स्टेशनं आधी उठणारी, त्यामुळे आपल्या सीटला गिऱ्हाईक चटकन मिळतं. एसी लोकलचा पास महाग वाटतो, पण एप्रिल-मे महिन्यांत तो घेऊन बघा आणि मग ठरवा.

ठाणे, डोंबिवली, पनवेल बाजूला नोकरी असेल तर वसई रोडहून जुचंद्र, कामण रोड, भिवंडी रोड करत दिव्याला आणि पुढे पनवेलला जाणाऱ्या मेमू गाड्या आहेत. दिवसाला थोड्याच, म्हणून वेळ चुकली की संपलं.

गाडीने जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की वसई पश्चिम आणि भाईंदर यांच्यामध्ये खाडीवर वाहनांचा पूल नाही. रेल्वेने मध्ये फक्त नायगाव स्टेशन, रस्त्याने मात्र हायवेला जाऊन, घोडबंदरचा वर्सोवा पूल ओलांडून वळसा. फेब्रुवारी २०२४ पासून किल्ल्याजवळच्या जेट्टीवरून भाईंदरला रो-रो बोट सुरू आहे, दुचाकी-चारचाकी दोन्ही घेते. सुट्टीसाठी छान आहे. रोजच्या ऑफिससाठी एकट्या बोटीवर विसंबू नका, भरती-ओहोटी आणि पावसाळा तिच्या वेळा ठरवतात.

३. पाणी: यायचं आणि साचायचं

हा मुद्दा मी घराच्या रंगरंगोटीच्या, बाल्कनीच्या आणि कपाटांच्या कितीतरी आधी ठेवते.

प्यायचं पाणी सूर्या प्रकल्पातून, उसगाव आणि पेल्हार धरणांतून येतं, पण प्रत्येक बिल्डिंगला ते सारखं मिळत नाही. मालकाला ‘पाणी आहे ना?’ विचारलं तर ‘चोवीस तास’ हेच उत्तर मिळेल. चोवीस तास नळाला पाणी म्हणजे टाकीत पाणी आहे. टाकीत ते कुठून आलं हा खरा प्रश्न. वॉचमनला किंवा तळमजल्यावरच्या बाईंना विचारा: पालिकेचं पाणी दिवसाआड येतं का, मेमध्ये टँकर किती मागवता, टँकरचे पैसे मेंटेनन्समध्येच की वेगळे? किनाऱ्याकडे बोअरवेलचं पाणी खारट लागू शकतं. बाथरूमच्या नळांवर पांढरे थर दिसले तर उत्तर न विचारता मिळालं.

आता साचणारं पाणी. वसईच्या वाड्यांमध्ये ‘बावखल’ म्हणतात ती तळी आहेत. पावसाचं पाणी त्यात उतरतं, मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. गेल्या काही दशकांत बरीच बावखलं भराव टाकून बुजवली गेली, मिठागरांच्या आणि खाजणांच्या बाजूलाही बांधकामं झाली, आणि पाणी मग रस्त्यावर थांबू लागलं. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या आणि वसईतल्या मिठागराच्या वस्तीतून लोकांना बाहेर काढावं लागलं. सनसिटी-गास रस्ता तर जोराच्या पावसात पाण्याखाली जातोच, तो ‘शॉर्टकट’ म्हणून दाखवणाऱ्याला जुलैबद्दल विचारा.

म्हणून शक्य असेल तर घर पावसाळ्यात बघा. नसेल तर तळमजल्याच्या भिंतीवर ओलीची रेघ कुठवर आहे ते बघा, मीटर बॉक्स किती उंच लावलाय ते बघा आणि पार्किंगमधल्या गाड्या पावसात कुठे नेतात ते विचारा. तळमजला स्वस्त मिळतोय म्हणून घेऊ नका. पहिल्या पावसाळ्याआधी इन्व्हर्टर घ्या, महावितरणची लाइन वाऱ्या-पावसात जाते आणि झाडं जास्त तिथे जास्त वेळ जाते. खाऱ्या हवेने ग्रिल, सायकल, एसीचं बाहेरचं युनिट गंजतं, त्याची तयारी ठेवा.

४. भाड्याने घेताना

‘पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करू, सगळे असंच करतात,’ असं दलाल म्हणेल. तो करार पुरेसा नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. अकरा महिन्यांचा असला तरी. आता आधार आणि बोटांचे ठसे वापरून घरबसल्या ई-नोंदणी होते, निबंधक कार्यालयात खेटे घालावे लागत नाहीत.

खर्चाचा अंदाज असा. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, कशावर? पूर्ण मुदतीचं भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज. समजा भाडं १५,००० आणि डिपॉझिट ५०,००० असेल, तर अकरा महिन्यांसाठी शुल्क चारशे ते पाचशेच्या घरात. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. बाकी जे काही एजंट सांगेल ती त्याची मजुरी, त्यावर घासाघीस करता येते.

जवळ ठेवायचे कागद:

- दोन्ही पक्षांची आधार आणि पॅन कार्डं, आधारला जोडलेला मोबाइल चालू असायला हवा
- दोन साक्षीदार आणि त्यांची आधार कार्डं
- मालकाकडून इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) किंवा घरपट्टीची पावती, आणि ताजं वीजबिल
- सोसायटीचं ना हरकत पत्र, सोसायटी मागत असेल तर
- पासपोर्ट आकाराचे फोटो

करार झाला की भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची, ती ऑनलाइन भरता येते. वसई आता ठाणे ग्रामीण पोलिसांत नाही. ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार असं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. गावभागाला वसई पोलीस ठाणे, स्टेशनजवळच्या पश्चिमेला माणिकपूर, फॉर्ममध्ये चुकीचं ठाणं निवडू नका.

भाड्याऐवजी ‘हेवी डिपॉझिट’ देऊन राहण्याची ऑफर आली तर मी तरी नाही म्हणेन. काही लाख रुपये मालकाकडे अडकतात, आणि त्याच्यावर गृहकर्ज थकलेलं असेल तर बँक दाराशी येते तेव्हा तुम्ही आत असता.

सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल मालकाकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्ज घेऊ शकते, पण तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. मालक तो तुमच्यावर ढकलत असेल तर निदान आकडा तरी बरोबर असू द्या.

५. विकत घ्यायचं असेल तर सावकाश

वर्षभर भाड्याने राहा, मग विकत घ्या. त्याचं कारण भावना नाही, कागद आहेत. वसई-विरार पट्ट्यात अनधिकृत बांधकामाचा प्रश्न जुना आणि गंभीर आहे. २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत नालासोपाऱ्यात न्यायालयाच्या आदेशाने ४१ अनधिकृत इमारती पाडल्या गेल्या. त्या घरांत राहणाऱ्यांनीही पैसे मोजूनच घरं घेतली होती.

काय काय बघायचं?

बांधकाम परवानगी म्हणजे सीसी, आणि भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी. दोन्हीच्या नुसत्या झेरॉक्सवर जाऊ नका, बनावट परवानग्यांची प्रकरणं इथे झालेली आहेत. वसई-विरार महापालिका २००९ मध्ये स्थापन झाली, त्याआधीच्या बऱ्याच इमारतींची परवानगी सिडकोची आहे. कागदावरचा क्रमांक आणि तारीख घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात पडताळा, माहिती अधिकारात अर्ज करा. वेळ जातो, जाऊ द्या.

नवा प्रकल्प असेल तर महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून बघा.  जाहिरातीत छापलेला क्रमांक तिथे त्याच प्रकल्पाच्या नावाने दिसला नाही तर तिथेच थांबा.

‘घरपट्टी लागलीय, म्हणजे अधिकृत,’ हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येतं. घरपट्टी अनधिकृत घरालाही लागते आणि त्याने ते अधिकृत होत नाही. ‘वीजमीटर आहे’ याचंही तेच. ‘लोन होतं’ म्हणाले तर कुठल्या बँकेचं ते विचारा. एकही राष्ट्रीयीकृत बँक त्या इमारतीला कर्ज देत नसेल तर त्यामागे कारण असतं.

जुन्या घराच्या व्यवहारात सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी, इंडेक्स टू, थकबाकी नसल्याचा दाखला, आणि जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, हे सगळं वकिलाला दाखवा. वकील तुमचा हवा, बिल्डरने सुचवलेला नको. नोटरीवर ‘रूम’ विकत घेणं म्हणजे काहीच विकत न घेणं.

वाडीतला ‘बंगलो प्लॉट’ हा आणखी वेगळा मोह. सातबारा मागा. जमीन शेतीची असेल तर शेतकरी नसलेल्याला ती साधारणपणे घेता येत नाही. सातबाऱ्यावर आदिवासी खातेदार असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तो व्यवहार होत नाही. समुद्राजवळ असेल तर सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे निर्बंध. आणि प्लॉटच्या मधोमध बावखल बुजवलेलं असेल, तर वरचा पाण्याचा सगळा भाग पुन्हा वाचा.

६. पत्ता बदलण्याची कामं

आधारवरचा पत्ता, गॅस, बँक ही नेहमीची यादी नोंदणीकृत करारावर होते. मतदार यादीसाठी फॉर्म ८ भरा. आरटीओ वसईचं वेगळं आहे, क्रमांक एमएच ४८. महापालिकेचं मुख्यालय विरारला, तहसीलदार वसई गावात, आणि जिल्हा कार्यालय पालघरला. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला तरी अजून कित्येक छापील फॉर्मांत आणि लोकांच्या तोंडी ‘जिल्हा ठाणे’ असतं. पत्त्यात पालघर लिहा.

दवाखान्याची चौकशी पहिल्याच आठवड्यात करून ठेवा. वसई गावात सर डी. एम. पेटिट रुग्णालय आहे, बंगलीला कार्डिनल ग्रेशस. रात्री ॲम्ब्युलन्स कोण पाठवतं हे शेजाऱ्यांना माहीत असतं.

७. वाडीत वागायचं कसं

गावभागात तुम्हाला सामवेदी ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण, वाडवळ, कोळी, आगरी असे शेजारी मिळतील. डिसोझा, लोपीस आडनाव ऐकून इंग्रजी किंवा हिंदी सुरू करू नका. इथल्या ख्रिस्ती समाजाची घरची बोली कादोडी असो वा वाडवळी, बाहेर मराठीच बोलतात आणि चर्चमध्ये मिस्साही मराठीत होते. नवख्या माणसाने हिंदीत सुरुवात केली की तो नवखाच राहतो.

आळीच्या तोंडाशी दगडी क्रूस दिसतात, त्यांच्या चौथऱ्यावर बसू नका, गाडी टेकवू नका. वाडी म्हणजे बाग नव्हे, ते कोणाचं तरी उत्पन्नाचं शेत आहे: केळी, पानवेली, फुलं, भाजी. फोटोसाठी आत शिरू नका, विहिरींना सगळीकडे कठडे नसतात. रस्ते अरुंद आहेत, समोरून बस आली तर मागे तुम्हालाच जावं लागेल.

मासळी पाचूबंदर, नायगावच्या कोळणींकडून घ्या. १ जूनपासून दोन महिने यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्या काळात ‘ताजी’ म्हणून मिळेल त्यावर लगेच विश्वास नको. सुकं मे महिन्यातच भरून ठेवा. राजेळी केळ्यांची सुकेळी मिळाली तर भाव करत बसू नका, केळी उन्हात वाळवून गुंडाळण्याची मेहनत मोठी आहे.

८. पाहुणे येणार असतील

येणारच. वसईला घर घेतलं की सगळ्यांना किल्ला आठवतो. पोर्तुगीजांकडे ही वसई १५३४ मध्ये गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली, आणि १८०२ च्या ३१ डिसेंबरला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही वसईचाच. किल्ल्यात चर्चचे भग्नावशेष, बुरूज, नागेश्वराचं देऊळ आहे. पाहुण्यांना सकाळी लवकर न्या, टोपी आणि पाणी घेऊन. आत खाण्यापिण्याचं फारसं काही नाही. पावसाळ्यात गवत वाढतं, बूट घाला, साप असतात. तटावर चढलेल्या मुलांवर लक्ष ठेवा, कठडे नाहीत.

समुद्रासाठी सुरूची बाग, भुईगाव, पुढे कळंब, राजोडी. तिथे फिरायला जायचं, पोहायला नाही. किनारे सपाट आहेत, भरती मागून कधी येते कळत नाही, आणि दरवर्षी बुडण्याच्या बातम्या येतात. गाडी वाळूत उतरवणाऱ्यांची गाडी रुततेच, मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो. पावसाळ्यात चिंचोटीच्या धबधब्याचा हट्ट कोणी धरला तर आधी पोलिसांचे मनाई आदेश बघा, बहुतेक वेळा ते लागू असतात.

रविवारी संध्याकाळी गाडीने परतणाऱ्यांना पाचच्या आत निघायला लावा. त्यानंतर घोडबंदरच्या अलीकडे हायवेवर जी रांग लागते, तिच्यात पोरं रडायला लागतात. उशीर झालाच तर जेवायला थांबवून घ्या आणि दहानंतर सोडा.